कोयता आणि लेकीची राखण

धाराशिवच्या भूम, परंडा, कळंब भागात मुलीला जपायचे म्हणजे तिला लवकर उजवायचे, ही समजूत निव्वळ अज्ञानातून आली नाही. बालविवाह रोखणारा १९२९चा सारडा कायदा ब्रिटिश हद्दीपुरता होता. हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे १९७२च्या दुष्काळाने ऊसतोडीची वाट आणखी रुळवली. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) मिळते ती ‘कोयत्या’वर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा गडी अर्धा कोयता. दसरा-दिवाळीनंतर सहा महिने फडावरच्या कोपीत राहायचे, तर वयात आलेली पोर गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची? हा घोर खोटा नव्हता. लग्नाने तो मिटे, वर एक कोयता वाढे.

म्हणून आई-बापाला लोभी ठरवणे सोपे, पण उथळ. त्यांची राखण फसवी होती, हे मात्र खरेच: परक्याच्या भीतीने पोर नवऱ्याच्या हवाली होई, आणि बायकोने १५ वर्षे ओलांडली की तिच्यावरची जबरदस्ती कायद्याच्या लेखी बलात्कार ठरतच नसे. २०१२च्या पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने १८ची रेघ आखली. पण १८ खालच्या बायकोबाबतची लग्नाची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने बंद केली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये. उचल अजूनही जोडीच्याच हिशेबाने मिळते.