जुन्या सायकलचे दात

जुन्या रोड बाईकचा भाव किती सांगावा? गेले तीन वीकेंड हा प्रश्न माझ्या मागे लागलाय. ऑफिसमधल्या मंडळींकडे उत्तर तयार असतं: पहिल्या वर्षाचे तीस टक्के वजा, पुढे दर वर्षाला दहा, एक्सेलमध्ये टाक आणि मोकळा हो. पण त्या एक्सेलला फक्त बिलाची तारीख कळते. सायकल कुठे उभी होती हे त्याला कोण सांगणार? माझी उभी होती पेणला, घराच्या पडवीत, मिठागरांवरून येणाऱ्या वाऱ्यात, चार पावसाळे. तेव्हा सवयीप्रमाणे मुद्दा बाजूला ठेवून इतिहासात घुसलो.

सुरुवात कायद्यापासून. आपला मालविक्री अधिनियम १९३० सालचा आहे, १ जुलैला लागू झाला आणि अजून चालू आहे. (त्याच वर्षी सप्टेंबरात पेणच्या शेजारी, उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. एकाच सरकारचे दोन उद्योग. असो.) त्याचं नववं कलम सांगतं की किंमत ठरलेलीच नसेल तर घेणाऱ्याने वाजवी किंमत द्यावी. आणि वाजवी म्हणजे किती? तर ते ज्या त्या प्रकरणाच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. बस्स, संपलं कलम! सोळावं कलम त्याहून कोरडं. काही अपवाद सोडले तर माल चांगला असल्याची हमी विकणाऱ्याने दिलीच आहे असं कायदा धरून चालत नाही. म्हणजे बघून घ्या, जपून घ्या. मधलं दहावं कलम मला आवडलं, पण त्याच्याकडे नंतर येतो.

कायद्याच्या आधीही लोक जुन्या वस्तू विकतच होते, आणि आपल्याकडे जुनी, चालती, वय लपवता येणारी महागडी वस्तू म्हणजे बैल. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेत पौष महिन्यात बैलांचा मोठा बाजार भरतो. बैलबाजारातला सौदा बघितलेली माणसं अजून भेटतील. दोघांचे हात रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली, तोंडातून शब्द नाही, बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. धान्याच्या आणि कापसाच्या बाजारातही ही पद्धत होती. तिचा फायदा अर्थातच रोज बाजारात बसणाऱ्या दलालाला, वर्षातून एकदा येणाऱ्या शेतकऱ्याला नव्हे. १९२८ साली शाही शेती आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई प्रांतात १९३९ साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला, महाराष्ट्राचा १९६३ साली. शेतमालापुरता तरी रुमाल गेला आणि उघड लिलाव आला.

पण मला त्या बैलबाजारातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. भाव झाकलेला असायचा, दात मात्र उघडे. कुणीही यावं, बैलाचा खालचा ओठ खाली करावा आणि बघावं. दुधाचे दात असतील तर आदत. दोन-अडीच वर्षांनी पुढचे दोन पक्के येतात, तो दोन दाती. मग चार दाती, सहा दाती, आणि पाचेक वर्षांत आठही आले की बैल जुळला. विकणाऱ्याने कितीही गोडवे गायले तरी वय तोंडात लिहिलेलं. पुढे चालवून बघायचा, खुरं बघायची, खांदा बघायचा.

आता कुठलीही जुन्या सायकलची जाहिरात उघडा. नेमकं उलट! भाव साऱ्या जगाला दिसतो आणि दात झाकलेले. "वेल मेंटेन्ड, फारच कमी वापरलेली." फोटो उजव्या बाजूने, संध्याकाळच्या उन्हात, आणि चेनवर ताजं तेल.

बरं, दात उघडे असले तरी भाव नुसत्या दातांवर ठरतो असंही नाही. जुन्या वस्तूचा भाव नव्या वस्तूला टांगलेला असतो. दुसऱ्या महायुद्धाआधी आपल्या रस्त्यांवर रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस अशा विलायती सायकलींचं राज्य होतं. युद्धात आयात आटली, १९४२ साली मलाया जपान्यांच्या हाती गेल्यावर रबर दुर्मीळ झालं, टायर-ट्यूब जपून वापरायची चीज बनली. इथेच कारखानेही उभे राहिले: वरळीला हिंद सायकल, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, मग सोनीपतला ॲटलस, लुधियान्याला हीरो. यातल्या पहिल्या दोघांची पुढे अशी दशा झाली की १९८० साली संसदेला खास कायदा करून त्यांचं राष्ट्रीयीकरण करावं लागलं. (वरळीत सायकलींचा कारखाना होता हे आज तिथल्या टॉवरमध्ये राहणाऱ्या किती जणांना माहीत असेल?)

टंचाईने काय होतं याचा आपला अस्सल मराठी नमुना मात्र सायकल नाही, स्कूटर. चेतक १९७२ साली आली, आकुर्डीत बनायची आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. स्कूटरचं वाटप आणि विक्री सरकारी नियंत्रणाखाली होती, त्याचा आदेश १९६० सालचा. परिणाम असा, की कागदोपत्री किंमत एक आणि वापरलेल्या स्कूटरची किंमत तिच्याहून जास्त. हो, जास्त! चालवलेली, घासलेली गाडी नव्यापेक्षा महाग, कारण ती आज मिळते. आमच्या आधीच्या पिढीला हे इतकं नैसर्गिक वाटायचं की मुलीच्या लग्नाआधी काही वर्षं नंबर लावून ठेवणारे लोक शहाणे समजले जायचे. २०२० मध्ये करोनाच्या काळात हेच छोट्या प्रमाणात पुन्हा झालं. सगळ्या जगाला एकदम सायकल हवी होती, सुटे भाग मिळेनात, आणि जुन्या रोड बाईक नव्याच्या भावाच्या आसपास खपल्या. ते आकडे अजून लोकांच्या डोक्यात बसलेत. नवी सायकल दुकानात सहज मिळते आहे तोवर त्यांना काही अर्थ नाही.

उलट नवी स्वस्त झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. माझी सायकल २०१९ सालची, बिल ४५,००० रुपयांचं, कर धरून. दुकानदाराची मूळ किंमत तीच धरली तर तीच सायकल आज ४२,२०० च्या आसपास बसते. म्हणजे पडवीत नुसती उभी असताना तिचे पावणेतीन हजारांहून थोडे जास्त गेले, आणि त्यात गंजाचा काही संबंध नाही. "मी किती दिले" हा आकडा म्हणूनच निरुपयोगी. तो माझा प्रश्न आहे, घेणाऱ्याचा नाही.

मग झाकलेल्या दातांचं काय? यावर १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला, जुन्या मोटारींच्या बाजारावर. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, आणि २००१ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. मुद्दा साधा आहे. गाडी चांगली की खटारा हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. घेणारा सावधपणे मधला भाव देतो. मधल्या भावाला चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खटारे उरतात. ते कळलं की घेणारा भाव आणखी पाडतो. अकेरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत होता, आणि निबंधात भारतातल्या गृहिणीचा उल्लेख आहे: मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे निवडत बसणारी. माझी आजी सुपात हेच करायची. तिला नोबेल नाही मिळालं :-)

तर माझ्या सायकलचे दात. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतो, म्हणजे चोवीस जोड बरोबर बारा इंच. साधी स्टीलची पट्टी लावायची. शेवटची पिन सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला, अष्टमांश गेली असेल तर मागची कॅसेटही गेली, कारण ताणलेल्या चेनने तिचे दात खाल्ले. मापाला दोन मिनिटं लागतात, आणि तरी जाहिरातीत हा आकडा मी आजवर एकदाही पाहिलेला नाही! माझी अष्टमांशाच्या पुढे गेलेली निघाली. पेण-वडखळ-पोयनाड-अलिबाग या रस्त्याचा चिखल आणि खारी हवा, दुसरं काय होणार? टायरच्या बाजूंना भेगा, केबल जड, बोल्ट गंजलेले. फ्रेम मात्र ठणठणीत, रिम चांगल्या, सीटपोस्ट सुटतो. (कोकणातली अल्युमिनियमची सायकल घेताना हे नक्की बघा. अल्युमिनियम आणि मीठ एकत्र आले की पोस्ट आत कायमचा बसू शकतो.) दुरुस्तीचा माझा हिशोब: चेन आणि कॅसेट ३,५००, टायर ३,०००, केबल आणि हँडलची टेप १,५००, मजुरी १,०००. एकूण ९,०००.

आणि धड अवस्थेतल्या अशा सायकलला मिळतं किती? इथे जाहिरातींवर जाऊ नका. जी योग्य भावात होती ती विकली गेली आणि जाहिरात उतरली. महिनोन्महिने दिसत राहते ती न खपलेली. म्हणजे आपण सरासरी काढतो ती फसलेल्या भावांची. मी ओळखीतल्या चौघांना फोन केले, ज्यांनी खरोखर विकल्या होत्या. २२ ते २६ हजार. मधला २४ धरला, त्यातून ९ गेले, उरले १५.

घेणारा खारेपाटातला, आयटीआय झालेला, वडखळच्या बाजूला कामाला जाणारा मुलगा. त्याला रेसमध्ये उतरायचंय. साध्या सायकलवर तो पेणहून खोपोलीला जाऊन येतो, म्हणजे पाय आहेत. भाव मी सांगण्याआधीच म्हणाला, "दादा, तीसपर्यंत जमवतो." पुण्यातल्या मित्राचं मत होतं, देऊन टाक, तो स्वतःहून म्हणतोय ना? कायद्याने काहीच अडत नव्हतं. पण ते तीस त्याच्याकडे कुठून आले? जाहिराती बघून. १५ आणि ३० मधला फरक त्याचा साधारण एका महिन्याचा पगार होता. मी कागदावर सगळी यादी लिहिली, चेनचं माप, टायर, केबल, नव्या सायकलचा आजचा भाव, आणि खाली १५,०००.

रविवारी तो वडिलांना घेऊन आला. वडिलांनी आयुष्यभर भातशेती केलेली, बैल बाळगलेले. त्यांनी कागद नीट वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "एवढं सगळं सांगितलंत. मग न सांगितलेलं काय आहे?"

अकेरलॉफ इथे संपतो. विकणाऱ्याने स्वतःहून ओठ खाली करून दात दाखवले तरी ते विकणाऱ्यानेच दाखवलेले. मला राग आला नाही, त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मग आठवलं ते दहावं कलम: किंमत तिसऱ्या माणसाने ठरवावी असा करार दोघांना करता येतो, आणि त्याने ठरवली नाही तर सौदा रद्द. मी म्हटलं, मेकॅनिक तुम्ही निवडा. चोवीसमधून तो दुरुस्तीचा जो आकडा सांगेल तो वजा, बाकी मला. पटलं नाही तर सायकल माझी मला. त्यांनी यावर बराच वेळ विचार केला, चहा थंड झाला.

त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिकने सायकल स्टँडवर चढवली, पट्टी न लावताच बोटाने चेन उचलून बघितली, चाकं फिरवली, मागच्या हबचं ग्रीस बदलायला लागेल म्हणाला, आणि आकडा सांगितला ९,४००. चौदा हजार सहाशे. सहाशेवर कुणीच घासाघीस केली नाही.

दहा हजार तिथेच मिळाले, बाकीचे पगारानंतर ठरले. मी दुकानातल्या पॅडवरचा कागद घेऊन पावती लिहिली, तिच्यावर फ्रेमचा नंबर घातला. वडिलांनी पावती हातात धरली, मुलाला सायकल उलटी करायला लावली आणि पेडलच्या खाली कोरलेला नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचून ताडून बघितला.