चालत्या कर्नलमध्ये हात घालताना

संगणकाच्या मेमरीत सूचना आणि आकडे एकाच ठिकाणी, एकाच रूपात राहतात. १९४९ च्या मे महिन्यात केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हे यंत्र चालू झाले, तेव्हा प्रोग्रामने स्वतःच्याच सूचना बदलणे हा रोजच्या कामाचा भाग होता. डेव्हिड व्हीलर यांनी उपप्रोग्रामातून परत येण्यासाठी जी युक्ती काढली, तिच्यात उपप्रोग्राम आपल्या शेवटच्या सूचनेच्या जागी परतीची उडी स्वतः लिहून ठेवत असे. प्रोसेसर एकच, प्रोग्रामही एकच. बिघडले तर टेप पुन्हा लावायची. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तसे करता येत नाही. तिथे एक बाइट चुकला तर त्या यंत्रावर चाललेले प्रत्येकाचे काम कोसळते. दोष शोधण्यासाठी कर्नलचा चालता कोड बदलण्याचा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरतो: बदल नेमका कसा लिहायचा, आणि घुसवलेला नवा कोड निरुपद्रवी आहे याची खात्री कशी करायची.

ब्रेकपॉइंटची कल्पना १९५० च्या दशकाच्या अखेरीस एमआयटीमधील टीएक्स-० या यंत्रावर रुळली. टॉमस स्टॉकहॅम आणि जॅक डेनिस यांचा फ्लिट हा डिबगर तिथलाच. १९६१ मध्ये ॲलन कोटोक यांनी पीडीपी-१ साठी डीडीटी लिहिला आणि पुढच्या पिढ्यांनी त्याचेच वळण गिरवले. पद्धत सरळ होती. जिथे थांबायचे तिथली मूळ सूचना बाजूला जपून ठेवायची आणि तिच्या जागी डिबगरकडे नेणारी उडी लिहायची. प्रोग्राम तिथे पोहोचला की ताबा डिबगरकडे येतो. मेमरी तपासून झाली की मूळ सूचना परत बसवून पुढे जायचे. डिजिटल कंपनीच्या टॉप्स-१० प्रणालीत ऑपरेटिंग सिस्टीम तपासण्यासाठी ईडीडीटी नावाची याच घराण्यातली आवृत्ती होती. ती चालू झाली की बाकी सगळे थांबे. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत १९७९ मध्ये स्टीव्ह बोर्न यांचा एडीबी आला. कर्नलची मेमरी फाइलसारखी उघडून तिच्यातील एखादे चल मूल्य चालत्या यंत्रात बदलणे त्यामुळे प्रशासकांच्या हाती आले. त्यात संरक्षण असे काहीच नव्हते. पत्ता बरोबर आहे की नाही, याची जबाबदारी सर्वस्वी टंकणाऱ्याची.

सुरक्षिततेचा विचार मुळापासून झाला तो बर्कलीत. तिथल्या प्रोजेक्ट जिनीतून निघालेल्या एसडीएस ९४० या कालविभागणी प्रणालीवर एकाच वेळी अनेकजण काम करत. प्रणाली कुठे वेळ घालवते हे मोजण्याची गरज होती, पण प्रत्येक मोजणीसाठी कर्नल नव्याने बांधणे परवडणारे नव्हते. पीटर डॉइच आणि चार्ल्स ग्रँट यांनी १९७१ मध्ये मांडलेली मोजणी-व्यवस्था आजही थक्क करते. तिच्यात सामान्य वापरकर्ता, ज्याच्यावर प्रणालीचा काहीही विश्वास नाही असा वापरकर्ता, स्वतःचा यंत्रभाषेतील तुकडा कर्नलमध्ये बसवू शके. बसवण्यापूर्वी प्रणाली तो तुकडा सूचनेगणिक तपासत असे. तुकड्याबाहेर भलतीकडे उडी नको, वळसा म्हणजे लूप नको, लांबी ठरावीक मर्यादेत हवी आणि लेखन फक्त आकडेवारीसाठी राखून ठेवलेल्या मेमरीत व्हावे. या अटी पाळल्या की तो तुकडा कर्नलला अडकवूही शकत नाही आणि बिघडवूही शकत नाही. तुकडा लिहिणारा कोण आहे हे पाहण्याची गरजच उरत नाही; तुकडाच तपासला जातो. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत या कल्पनेत भर पडली, पण तिचा पाया बदलला नाही.

बदल कसा लिहायचा हा पहिला प्रश्न प्रोसेसर वाढले तसा अवघड होत गेला. एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रात एक प्रोसेसर सूचना बदलत असताना दुसरा तीच सूचना वाचत असू शकतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात एरियल टॅमचेस आणि बार्टन मिलर यांनी १९९९ मध्ये सोलॅरिसच्या चालत्या कर्नलसाठी कर्निन्स्ट हे साधन मांडले. अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर प्रत्येक सूचना चार बाइटची. त्यामुळे एका सूचनेच्या जागी एकच उडी लिहायची आणि ती एकाच अखंड लेखनात, असा नियम त्यांना पाळता आला. वाचणाऱ्या प्रोसेसरला एकतर जुनी सूचना दिसते किंवा नवी, मधले काही दिसत नाही. अडचण एवढीच की त्या उडीची झेप सुमारे आठ मेगाबाइटच्या पलीकडे जात नाही. दूरवर ठेवलेल्या नव्या कोडपर्यंत पोहोचण्यासाठी जवळपास एक मधला टप्पा शोधून तिथून दुसरी, लांबची उडी घ्यावी लागे.

इंटेलच्या प्रोसेसर-कुळात ही सोय नव्हती. तिथे सूचना एक बाइटची असते तशी पंधरा बाइटचीही असते. पाच बाइटची उडी लिहायची तर तिच्याखाली दोन किंवा तीन छोट्या सूचना झाकल्या जाऊ शकतात. एखादा प्रोसेसर त्यांतली पहिली सूचना आटोपून दुसरीच्या तोंडाशी थांबलेला असेल, तर पुन्हा चालू झाल्यावर तो नव्या उडीच्या मध्येच उतरतो आणि पत्त्याचे बाइट सूचना समजून चालवू लागतो. १९७८ च्या ८०८६ पासून या कुळात एक बाइटची ब्रेकपॉइंट सूचना आहे, सोळाच्या पायावर लिहिली तर सीसी. ती कुठल्याही सूचनेच्या पहिल्या बाइटवर बसते आणि शेजारच्या सूचनेला धक्का लावत नाही. लिनक्समधील पुढची बरीचशी कारागिरी या एका बाइटवर उभी आहे.

आयबीएममध्ये ओएस/२ साठी तयार झालेले अनुरेखनाचे, म्हणजे चालत्या कोडचा माग काढण्याचे, तंत्र २००० च्या सुमारास डीप्रोब्ज या नावाने लिनक्सवर आले. त्याचा कर्नलमधील गाभा वेगळा काढून केप्रोब्ज तयार झाले आणि २००४ मध्ये ते लिनक्सच्या २.६.९ आवृत्तीत अधिकृतपणे दाखल झाले. या कामात आयबीएमच्या बेंगळुरूमधील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. डीडीटीची जुनी रीत इथे चालत नव्हती. मूळ सूचना जागेवर परत बसवून चालवायची म्हटली, तर तेवढ्या क्षणात दुसरा प्रोसेसर त्याच जागेवरून ब्रेकपॉइंट न लागता निसटून जातो. म्हणून केप्रोब्ज मूळ सूचनेची प्रत दुसऱ्या जागी ठेवते आणि ब्रेकपॉइंट लागला की ती प्रत तिथेच, एक पाऊल टाकून चालवते. मूळ जागेवरचा ब्रेकपॉइंट हलत नाही. सूचना स्वतःच्या पत्त्यावरून हिशेब करणारी असेल, तर प्रतीतला तो हिशेबही दुरुस्त करून घ्यावा लागतो. शिवाय काही जागांना हात लावायला बंदी असते. ब्रेकपॉइंट हाताळणाऱ्या फंक्शनमध्येच ब्रेकपॉइंट बसवला, तर कर्नल त्या फेऱ्यातून बाहेरच पडणार नाही. अशा फंक्शनांची निषिद्ध यादी केप्रोब्ज सांभाळते.

सोलॅरिस १० मधून २००५ मध्ये डीट्रेस लोकांपर्यंत पोहोचले. सन कंपनीतील ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि ॲडम लेव्हेंथल यांनी ते खऱ्या, कामात असलेल्या यंत्रांसाठी घडवले होते. अनुरेखन बंद असताना त्याचा भार शून्य, चालू असतानाही कर्नल पडणार नाही, ही त्यांची प्रतिज्ञा होती. प्रश्न विचारणारा तुकडा त्यांच्या छोट्या आभासी यंत्रासाठी भाषांतरित होई आणि त्या यंत्रात मागे उडी मारण्याची मुभाच नव्हती.

लिनक्समध्ये मात्र या क्षेत्रातला सर्वांत महागडा धडा २००८ मध्ये मिळाला. त्या वर्षी एफट्रेस हे अनुरेखन-तंत्र २.६.२७ आवृत्तीत आले. कर्नलच्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला अनुरेखनाकडे जाणारी एक हाक असते. ती सतत चालली तर यंत्र मंदावते, म्हणून बंद असताना तिच्या जागी काहीच न करणारी सूचना लिहून ठेवायची आणि हवी तेव्हा हाक परत बसवायची, अशी ही योजना. पहिल्या रचनेत हाकेच्या जागा कर्नल चालू असतानाच गोळा होत. एखादे फंक्शन प्रथम चालले की त्याचा पत्ता यादीत जाई, आणि एक पार्श्वभूमीतला धागा काही वेळाने सर्व प्रोसेसर थोपवून त्या जागा बदलून टाकी. बदलण्यापूर्वी तिथे अपेक्षित बाइट आहेत का हे तपासायचे आणि असतील तरच नवे लिहायचे, अशी काळजीही घेतली होती. तपासणी व लेखन एकाच अखंड सूचनेत होत असे.

त्याच सुमारास २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांच्या इंटेल नेटवर्क कार्डांची कायमस्वरूपी मेमरी बिघडू लागली. यंत्र पुन्हा चालू केले तरी कार्ड जागे होईना. बरेच दिवस संशय नेटवर्कच्या ई१०००ई या ड्रायव्हरवर होता. खरे कारण वेगळे निघाले. मॉड्यूल, म्हणजे चालत्या कर्नलला जोडता येणारा कोडचा भाग, भरताना एकदाच लागणारा प्रारंभीचा कोड नंतर मेमरीतून काढून टाकला जातो. त्यातल्या फंक्शनांचे पत्ते एफट्रेसच्या यादीत तसेच राहिले होते. रिकामी झालेली ती जागा पुढे नेटवर्क कार्डाच्या फ्लॅश मेमरीला जोडली गेली. एफट्रेस तिथे तपासायला गेला. अपेक्षित बाइट मिळाले नाहीत, म्हणून त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने काहीच लिहिले नाही. पण एक्स८६ वरची तुलना-आणि-अदलाबदल सूचना तुलना फसली तरी जुनेच मूल्य परत लिहिते. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. फ्लॅशच्या नियंत्रकाला मात्र ते लेखनच असते. २.६.२७ प्रसिद्ध झाल्यानंतर काही दिवसांतच २.६.२७.१ काढून एफट्रेसचा हा बदलता भाग बंद करण्यात आला. पुढच्या आवृत्तीत हाकांच्या जागांची यादी कर्नल बांधतानाच बनू लागली, आणि मॉड्यूल गेले की त्याच्या नोंदीही जाऊ लागल्या. बदल अखंड हवा हे सर्वांना ठाऊक होते. ज्या जागी लिहायचे ती जागा अजूनही कोडच आहे का, हा प्रश्न तोवर इतक्या गांभीर्याने विचारला गेला नव्हता.

सगळे प्रोसेसर थोपवून लिहिणे सुरक्षित असले तरी मोठ्या यंत्रात ते जड पडते. २०१२ मध्ये एफट्रेसने आणि २०१३ मध्ये कर्नलच्या सामाईक यंत्रणेने वेगळी वाट धरली. पाच बाइटच्या निष्क्रिय सूचनेच्या जागी पाच बाइटची हाक हवी आहे असे धरले, तर आधी फक्त पहिल्या बाइटवर ब्रेकपॉइंट लिहितात. मग प्रत्येक प्रोसेसरला निरोप पाठवून त्याने आधीच वाचून ठेवलेल्या सूचना टाकून द्यायला लावतात. आता उरलेले चार बाइट बदलले तरी कोणी तिथवर पोहोचत नाही, कारण पहिल्याच बाइटला अडकतो. पुन्हा निरोप. शेवटी ब्रेकपॉइंटच्या जागी हाकेचा खरा पहिला बाइट, आणि आणखी एक निरोप. या मधल्या काळात एखादा प्रोसेसर ब्रेकपॉइंटवर आलाच, तर हाताळणी करणारा कोड त्याला योग्य जागी पुढे पाठवतो. काम क्षणभरही थांबत नाही.

कर्नल पूर्ण थांबवून तपासणारे डिबगर या काळात मागे पडले नाहीत. लिनक्ससाठीचा केजीडीबी अनेक वर्षे मुख्य कर्नलच्या बाहेरच वाढला. त्याचा सांभाळ करणाऱ्यांत पुण्याच्या लिनसिससॉफ्ट कंपनीचे अमित काळे होते आणि कर्नलच्या दस्तऐवजात त्यांचे नाव आजही आहे. लिनस टोरवाल्ड्स यांचा कर्नलमध्ये डिबगर घेण्याला दीर्घकाळ विरोध होता. अखेर जेसन वेसल यांच्या प्रयत्नांतून २००८ मध्ये २.६.२६ आवृत्तीत केजीडीबी दाखल झाला. दरम्यान कर्नलचा कोड केवळ वाचनीय ठेवण्याचे संरक्षण आले होते. हल्लेखोराला अडवणारे ते संरक्षण डिबगरच्या ब्रेकपॉइंटलाही अडवू लागले. २०१२ मध्ये केजीडीबी कर्नलच्या अधिकृत लेखन-मार्गाने जाऊ लागला. त्या मार्गात कोडची मूळ पाने वाचनीयच राहतात आणि त्याच पानांना दुसऱ्या पत्त्यावर तात्पुरते जोडून तिथून लिहिले जाते. २०१९ मध्ये ही जोडणी फक्त लिहिणाऱ्या प्रोसेसरलाच दिसेल अशी करण्यात आली, म्हणजे लेखनाच्या क्षणी इतर प्रोसेसरवरील कोणालाही ती खिडकी सापडत नाही.

डॉइच आणि ग्रँट यांची तपासणी लिनक्समध्ये आली ती ईबीपीएफ या, छोटे प्रोग्राम तपासून कर्नलमध्ये चालवणाऱ्या यंत्रणेच्या रूपाने. २०१४ पासून कर्नलमध्ये तिचा तपासनीस आहे आणि २०१५ मध्ये ईबीपीएफ प्रोग्राम केप्रोब्जला जोडता येऊ लागले. वळशांवरची बंदी २०१९ मध्ये सैल झाली, पण वळसा संपतो हे सिद्ध होत असेल तरच. केजीडीबीनेही २०२० मध्ये केप्रोब्जची निषिद्ध यादी स्वीकारली. २०२१ मध्ये त्यात आणखी एक दुरुस्ती झाली: कर्नल उभा राहिल्यावर प्रारंभीच्या कोडची मेमरी मोकळी होते, तेव्हा त्या भागात बसवलेले ब्रेकपॉइंट डिबगर आपल्या नोंदीतून काढून टाकतो.