बंदिस्त जागेतील कामगार-सुरक्षा

टाकी, बॉयलरचा ड्रम, धुराडे, सायलो, सांडपाण्याचे चेंबर अशा अरुंद तोंडाच्या आणि हवा न खेळणाऱ्या जागेत उतरून काम करणाऱ्यांच्या संरक्षणाची व्यवस्था. पुणे–सातारा महामार्गावरील किकवीच्या (ता. भोर) परिसरात अशा जागा शोधाव्या लागत नाहीत. निगड्याला राजगड सहकारी साखर कारखाना आहे, तर नीरेपलीकडे शिरवळची कारखानदारी.

साखर कारखान्यात गाळप संपले की दुरुस्तीसाठी मळीच्या टाक्या उघडतात. तळाशी उरलेली मळी आंबून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने खालीच साचतो. सांडपाण्यातला हायड्रोजन सल्फाइड अधिक कपटी आहे. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभराच्या आसपास झाला की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला, असे वाटते. कोरडी लोखंडी टाकीही निर्धोक नसते, कारण गंज चढताना आतला ऑक्सिजन खर्ची पडतो. हवेत तो 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेल्यास आत उतरू नये. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत इथे कुचकामी आहे. ज्योत विषारी वायू ओळखत नाही, आणि मिथेन असेल तर तीच स्फोट घडवते.

बंदिस्त जागेत बळी सहसा एकटा जात नाही. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षा संस्थेने 1986 मध्ये नोंदवले, की अशा मृतांपैकी 60 टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. वाकडी (ता. नेवासा) येथे एप्रिल 2024 मध्ये शेणाने भरलेल्या पडक्या विहिरीत मांजर काढायला उतरलेला आणि त्याला वाचवायला गेलेले अशा पाच जणांचा मृत्यू झाला, कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा तेवढा जिवंत वर आला.

हा दोर कायद्यात 1948 मध्येच आला. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमाच्या कलम 36 नुसार सक्षम व्यक्तीने स्वतः हवा तपासून लेखी दाखला द्यायचा होता. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावायचे, पट्टा बांधायचा आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात द्यायचे होते. हातदिव्याला 24 व्होल्टची मर्यादा कलम 36-अ मध्ये होती. ‘स्वतः’ हा शब्द महत्त्वाचा, कारण दाखला टेबलापाशी बसूनही भरता येतो. उतरण्याआधी नळ्यांना ब्लाइंड (बंद चकती) घालणे, ब्लोअरने ताजी हवा सोडणे (शुद्ध ऑक्सिजन मात्र कधीही नाही, त्याने आग भडकते) आणि तळ, मध्य, तोंड अशा तिन्ही पातळ्यांवर मोजणी करणे हा क्रम असतो. बाहेरच्या पहारेकऱ्याने आत पाऊल टाकायचे नसते. ट्रायपॉडच्या कप्पीने ओढायचे आणि मदत बोलवायची. ठेकेदाराकडून आलेल्या, तिथला पहिलाच दिवस असलेल्या मजुराला हे कोणी सांगितलेले असेलच असे नाही.

कारखान्याबाहेरील मलटाक्या आणि गटारे 2013 च्या हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या कायद्याखाली येतात. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख रुपये भरपाई ठरवली. 2023 मध्ये ती 30 लाख केली.