ललिताजींची थोरली बहीण

सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी आठवतात ना? त्या होत्या कविता चौधरी. त्यांनीच १९८९ साली दूरदर्शनसाठी ‘उडान’ ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यातली पोलिस अधिकारी कल्याणी सिंहही स्वतःच उभी केली. मी तेव्हा इंदुरात बी. ए. करत होते. ‘उडान’ लागायच्या आत आई पोळ्या उरकून घ्यायची. ही कल्याणी बेतली होती कविताच्या थोरल्या बहिणीवर, म्हणजे कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्यावर. कल्याणी घराघरांत पोचली. कांचनचं नाव मात्र फार थोड्या जणींना ठाऊक आहे.

कांचन अमृतसरला शिकल्या. किरण बेदींचं गावही तेच. बेदी १९७२ साली देशातल्या पहिल्या महिला आय. पी. एस. झाल्या आणि पुढच्याच वर्षी कांचन दुसऱ्या. इंग्रजी साहित्यात एम. ए. केलेल्या या मुलीला खाकी वर्दी का घालावीशी वाटली? तर, मालमत्तेच्या एका वादात वडिलांना त्रास झाला आणि पोलीस त्यांची तक्रारच लिहून घेईनात. अशा वेळी आपण काय करतो? ठाण्याला नावं ठेवतो आणि पुन्हा त्या वाटेला जायचं नाही असं ठरवतो. या बाईंनी त्याच खात्यात जायचं ठरवलं. मला त्यांच्या साऱ्या पदकांपेक्षा हे मोठं वाटतं.

नोकरी मिळाली ती उत्तर प्रदेशात. तिथे त्या काळी बाई अधिकारी म्हणजे बघायला गर्दी व्हायची गोष्ट! त्या एकेक पायरी चढत गेल्या. बॅडमिंटनपटू सय्यद मोदी यांच्या खुनासारखी गाजलेली प्रकरणंही त्यांनी हाताळली. १९९७ साली राष्ट्रपतींचं पदक मिळालं. मग २००४ मध्ये त्या उत्तराखंडच्या पोलिस महासंचालक झाल्या. एखाद्या राज्याचं सगळं पोलिस दल बाईच्या हाताखाली, हे देशात पहिल्यांदाच घडत होतं. २००७ साली निवृत्त झाल्या. २०१४ मध्ये हरिद्वारहून लोकसभेला उभ्या राहून हरल्या, तेही झालं.

पण तक्रार लिहून घेण्याची गोष्ट तिथेच संपत नाही. त्याच उत्तर प्रदेशात एका बापाची अल्पवयीन मुलगी पळवून नेली होती आणि ठाण्यात कोणी दाद देईना. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ च्या नोव्हेंबरात पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर पोलिसांनी एफ. आय. आर. नोंदवलाच पाहिजे, टाळता येणार नाही. खटल्याचं नाव ललिता कुमारी. पुन्हा ललिताच, बघा!

म्हणून सांगते, ठाण्यात कोणी ‘उद्या या’ म्हणालं तर हे नाव घ्या. नोंदवलेल्या एफ. आय. आर. ची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचं मंगळसूत्र खेचलं गेलं, तेव्हा त्या तीन खेपा घालून थकल्या आणि मग गप्प बसल्या. चौथ्या खेपेला आम्ही चौघी बरोबर गेलो. तक्रार लिहून घेतली. मंगळसूत्र अजून मिळालेलं नाही, पण नक्कल त्यांच्या कपाटात आहे.

कांचन २६ ऑगस्ट २०१९ ला मुंबईत गेल्या. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत कविताही गेली, अमृतसरला.