खोटी पत्रे, खरी काळजी : १८८२ चा कोल्हापूर खटला आणि वाचकाचे कर्तव्य

१/ वाचकहो, टिळक आणि आगरकर यांचा पहिला तुरुंगवास राजद्रोहासाठी नव्हता. तो अब्रुनुकसानीसाठी होता, आणि ज्या कागदांवर विसंबून त्यांनी लिहिले ते बनावट निघाले होते. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या आपल्या इतिहासातील हे प्रकरण गौरवाचे आहे आणि अडचणीचेही. म्हणून ते नीट समजून घेतले पाहिजे.

२/ जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. ‘केसरी’ मराठीत, संपादक आगरकर. ‘मराठा’ इंग्रजीत, संपादक टिळक. दोघेही पंचविशीच्या आसपासचे. देशी भाषांतील पत्रांवर लॉर्ड लिटनने १८७८ मध्ये लादलेला मुद्रणनिर्बंध तेव्हा अखेरच्या घटका मोजत होता.

३/ त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वय जेमतेम अठरा-एकोणीस. त्यांना वेड लागल्याचे सरकारदरबारी सांगितले जात होते. उलट त्यांचा छळ होत असल्याची चर्चा लोकांत होती. कारभार रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांच्या स्थितीची चौकशी व्हावी, ही दोन्ही पत्रांची मागणी होती.

४/ इतपत सारे रास्त होते. पुढे बर्वे यांच्या नावची काही पत्रे संपादकांच्या हाती आली. महाराजांविरुद्धचा कट त्यांतून उघड होतो असे वाटले, आणि त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, परंतु फिर्याद मागे घेतली गेली नाही.

५/ १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. शिक्षेत काही सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून सुटले. आगरकरांनी या दिवसांवर पुस्तक लिहिले : ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’.

६/ आता वाचकांकडे वळू. खटल्याच्या खर्चासाठी ठिकठिकाणी निधी उभा राहिला. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी नाटक केले. त्यांत तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते. जामिनासाठी महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक रामशेठ उरवणे पुढे आले.

७/ या शेवटच्या गोष्टीचे मोल ध्यानात घ्या. ‘केसरी’चे एक संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाले’तून फुल्यांवर बोचरी टीका केली होती. तरीही फुल्यांच्या मंडळींनी मतभेद बाजूला ठेवून मदत केली, सुटकेनंतर सत्कारही केला. न पटणाऱ्या पत्राचे तोंड दाबले जात असता त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे वाचकाचे पहिले कर्तव्य त्यांनी पार पाडले.

८/ दुसरे कर्तव्य अधिक अवघड आहे. ‘ही पत्रे तुम्हांला कोणी दिली? अक्षर कोणी ताडून पाहिले?’ हा प्रश्न आवडत्या संपादकालाही विचारावा लागतो, आणि तोही मजकूर आपल्या मनासारखा असताना. खोटा कागद नेहमी अशाच ठिकाणी खपतो, जिथे त्यातील मजकूर आधीपासूनच खरा वाटत असतो.

९/ महाराजांविषयीची काळजी मात्र निराधार नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे, त्यांच्यावर देखरेखीसाठी नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. प्रश्न खरा होता, पुरावा खोटा होता. न्यायालयात वाद रंगला तो पत्रांच्या खरेपणावर. महाराजांना कसे वागवले जाते, हा मूळ प्रश्न मागे पडला.

१०/ लोकशाहीत हा धडा अधिकच लागू पडतो. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आणि त्याच कलमात अब्रुनुकसानीपुरती वाजवी मर्यादाही घातली. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य याच कलमात सामावलेले आहे. पण कायदा जागा होतो तो मजकूर पसरल्यावर. त्याआधीची चाळणी संपादकाची आणि वाचकाची.

११/ १८८२ मध्ये बनावट पत्र लोकांपर्यंत पोहोचवायला छापखाना लागे. आज सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारीत, विडी कामगारांच्या वसाहतीत, मोबाइल हाच छापखाना आहे. समजा, तिथे पाणी येत नाही ही तक्रार खरी आहे. पण तिच्यासोबत कोणी दुसऱ्याच गावच्या कोरड्या टाकीचे छायाचित्र फिरवले. अधिकारी म्हणेल, ‘छायाचित्रच खोटे आहे’, आणि फाइल मिटेल. पाणी तर येणारच नाही. पुढच्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

१२/ म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनो, साधनचिकित्सा ही केवळ मोडी कागदांपुरती ठेवू नका. कागद कोणाचा, कुठून आला, मूळ पाहिले कोणी, तो खोटा ठरल्यास कोणाचा लाभ : बखरीला विचारतो तेच प्रश्न आज सकाळी आलेल्या बातमीलाही विचारा. आणि बातमी खरी ठरली, तर ती देणाऱ्याला एकटे सोडू नका. रामशेठ उरवणे यांनी सोडले नव्हते.

(समाप्त)