शिंदेशाहीतील एक ख्रिस्ती कबर

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आहे. त्याची पाठ सामान्य देवळासारखी चौकोनी नसून गजपृष्ठाकार आहे; त्यावरून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असा निर्णय पंडितांनी दिला आहे. आज तेथे विष्णूची पूजा होते आणि चैत्याचा आकार त्या पूजेच्या आड येत नाही. वास्तूचा आकार कोणा एका धर्माचा बांधील नसतो, हे ज्यांस अलीकडच्या काळातील उदाहरणावरून पडताळून पाहावयाचे असेल, त्यांनी मराठेशाहीच्या उत्तरकाळातील आग्र्याकडे दृष्टी वळवावी.

आग्र्यास रोमन कॅथॉलिक पंथाची जुनी दफनभूमी आहे. १६११ साली वारलेल्या एका आर्मेनियन व्यापाऱ्याच्या कबरीवरील प्रार्थनामंदिर, १६१४ साली वारलेल्या जॉन मिल्डेनहॉल या इंग्रजाची कबर, १७७८ साली वारलेल्या समरूची अष्टकोनी समाधी, अशी कितीतरी स्मारके तेथे आहेत. त्या सर्वांत उठून दिसते ती जॉन विल्यम हेसिंग याची लाल दगडाची समाधी. लोक तिला 'लाल ताज' म्हणतात.

हेसिंग हा हॉलंडचा. सिंहलद्वीपात डचांची चाकरी करून तो पुढे महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेत आला. तेथे द बॉयनशी त्याचे पटले नाही. परंतु महादजींनी त्याला जाऊ दिले नाही. आपल्या खास रिसाल्याचे काम त्यांनी त्याच्याकडे दिले, व १७९२ साली पाटीलबाबा पुण्यास आले तेव्हा हेसिंग त्यांच्याबरोबर होता. अखेरीस आग्र्याच्या किल्ल्याचा अधिकार त्याच्याकडे आला आणि तेथेच २१ जुलै १८०३ रोजी दीर्घ आजाराने तो वारला. पत्नी ॲन व मुले यांनी त्याची समाधी बांधविली.

आता या इमारतीची घडण पाहू. सुमारे ५८ फूट चौरस असा उंच चौथरा. त्याच्या पोटात तळघर व तळघरात खरी कबर. चौथऱ्यावर चौरस दालन, चारही अंगांस उंच कमानी, चार कोपऱ्यांवर छत्र्या आणि मध्यभागी उलट्या कमळाचा व कळसाचा घुमट. हा सारा आराखडा ताजमहालाचा. ताजच्या चौथऱ्यावरील चार उत्तुंग मिनार मात्र येथे नाहीत आणि संगमरवराच्या जागी तांबडा वालुकाश्म आहे. कोणी म्हणतील, ही केवळ गरिबाघरची नक्कल! आम्हांस तसे वाटत नाही. तांबडा दगड ही त्या प्रांताची जुनी संपत्ती. हुमायूनची कबर व अकबराचा किल्ला यांत तोच दगड आहे. थोरल्या इमारतीचे प्रमाण लहान आकारात उतरवावयाचे, तरी भारदस्तपणा ढळू द्यावयाचा नाही, हे अनुभवी हातांचेच काम होय. मोगलांची सत्ता खिळखिळी झाली, पण त्यांच्या पाथरवटांची विद्या मेली नव्हती, याची ही समाधी साक्ष देते.

आणि मराठ्यांच्या दृष्टीने तिची साक्ष याहून मोलाची आहे. हेसिंगच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, १८ ऑक्टोबर १८०३ रोजी, आग्र्याचा किल्ला जनरल लेकच्या हाती गेला. शिंद्यांचे निशाण तेथून उतरले. परंतु कबरीवरील इंग्रजी लेखात हेसिंगची ओळख महाराजा दौलतराव शिंदे यांच्या चाकरीतील कर्नल अशीच दिलेली आहे. जन्म हॉलंडचा, भूमी ख्रिस्ती, घडण मोगल, भाषा इंग्रजी आणि धनी मराठा! इतक्या धाग्यांची वीण ज्या राज्यात शक्य झाली, त्या राज्याचा इतिहास केवळ लढाया व तहनामे यांच्या यादीने पुरा होत नाही.

वानवडीस महादजींची छत्री आहे. तिचे दर्शन पुण्यास जाणारे पुष्कळजण घेतात. आग्र्यास जाणारे आपले लोकही ताज पाहून धन्य होतात. मात्र त्याच शहरातील ही धाकटी लाल समाधी आपल्याच इतिहासाचे एक पान आहे, याची आठवण फार थोड्यांस असते. धनी व चाकर यांची ही दोन स्मारके एकत्र ध्यानात घेतली, तरच शिंदेशाहीचे चित्र पुरे होईल.