लहान कार्ड प्रिंटरमध्ये का अडकतं? शाळा आणि वाचनालयांसाठी सोपी पद्धत

धावडा (ता. भोकरदन) : वाचनालयाच्या पुस्तकांची कार्डे, पहिली-दुसरीच्या मुलांची शब्दकार्डे, परीक्षेचे बैठक क्रमांक अशी छोटी कामं आता घरच्या किंवा शाळेच्या प्रिंटरवरच काढली जातात. मात्र मोठा कागद सरळ निघणाऱ्या यंत्रात छोटं कार्ड अडकतं, वाकडं येतं, नाहीतर मजकूर भलत्याच जागी छापला जातो. मग यंत्र बिघडलं असं समजून ते दुरुस्तीला तालुक्याच्या गावी नेलं जातं. बऱ्याच वेळा यंत्रात बिघाड नसतोच. कार्ड यंत्राच्या मापात बसत नाही, एवढंच कारण असतं. धावडा, पारध, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई परिसरातील शाळा आणि वाचनालयांना उपयोगी पडेल अशी ही माहिती.

कार्डाचं माप आणि यंत्राचं माप

ग्रंथालयाचं कार्ड साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं असतं. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी एकोणिसाव्या शतकात हे माप रूढ केलं आणि तेच आपल्याकडे आलं. दुकानात मिळणारं तीन बाय पाच इंची कार्ड त्याहून किंचित मोठं, म्हणजे ७६ बाय १२७ मिलिमीटरचं असतं.

प्रत्येक प्रिंटरला मोठ्यात मोठ्या कागदासारखी लहानात लहान कागदाचीही मर्यादा असते. ती माहितीपुस्तिकेत दिलेली असते. अनेक घरगुती प्रिंटरमध्ये ही मर्यादा ८९ बाय १२७ मिलिमीटर आहे. कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० या जुन्या, पण अजून चालू असलेल्या यंत्रांत ती साधारण ७६ बाय १२७ आहे. म्हणजे तीन बाय पाच इंची कार्ड या दोन यंत्रांत जेमतेम बसतं, ग्रंथालयाचं कार्ड मात्र एक-दोन मिलिमीटरने कमी पडतं. आपलं टपाल खात्याचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं आहे, त्यामुळे ते तुलनेने सहज जातं.

कार्ड अडकतं कशामुळे?

प्रिंटरच्या आत कागद एका रोलरकडून दुसऱ्या रोलरकडे दिला जातो. मागच्या रोलरने सोडण्याआधी पुढच्याने तो धरायला हवा. कार्ड या दोन रोलरमधल्या अंतरापेक्षा आखूड असलं, तर ते मधेच राहतं. म्हणून तयार कार्डावर छापायचंच असेल, तर ते अरुंद बाजू पुढे करून घालावं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कार्डाला चिकटतील इतक्या जवळ आणाव्यात आणि एका वेळी एकच कार्ड घालावं.

मजकूर भलतीकडे का जातो?

संगणकाला कागद ए४ आहे असं वाटतं आणि यंत्रात असतं छोटं कार्ड. मजकूर ए४ च्या हिशेबाने बसवला जातो, म्हणून अर्धा बाहेर जातो. कागदाचं माप दोन ठिकाणी सारखं हवं : वर्डच्या पेज साइजमध्ये आणि प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये. एका ठिकाणी बदलून दुसरीकडे ए४ राहिलं, तर गोंधळ कायम राहतो.

खात्रीचा उपाय : ए४ वर छापा, मग कापा

छोटं कार्ड यंत्रात घालण्याच्या भानगडीत न पडता ए४ कार्डशीटवर चार कार्डे एकदम छापावीत. पद्धत अशी :

१. वर्डमध्ये ए४ पान आडवं करावं. डावी-उजवी मोकळी जागा प्रत्येकी २.३ सेंमी, वरची ३ सेंमी आणि खालची २ सेंमी ठेवावी. खाली जास्त जागा सोडली तर तक्त्याखालची रिकामी ओळ पुढच्या पानावर जाते आणि एक कोरं पान फुकट निघतं.

२. दोन रकाने आणि दोन ओळींचा तक्ता घ्यावा. रकान्याची रुंदी १२.५ सेंमी ठेवावी. ओळीची उंची ७.५ सेंमी ठेवून तिथे 'एक्झॅक्टली' निवडावं, नाहीतर मजकूर वाढला की कार्डही वाढतं.

३. चौकटीची रेघ फिकट ठेवावी. तीच कापण्याची खूण. मजकूर रेघेपासून निदान अर्धा सेंमी आत असावा.

४. छापताना 'फिट टू पेज' काढून 'अ‍ॅक्च्युअल साइज' किंवा १०० टक्के ठेवावं.

५. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून पट्टीने मोजावी. कार्ड बरोबर साडेबारा सेंमी भरलं, तरच जाड कागद घालावा.

कागद आणखी वाचवायचा असेल, तर उभ्या ए४ वर पाच कार्डे बसतात : डाव्या बाजूला एकाखाली एक तीन आडवी, उजव्या बाजूला दोन उभी. मिळून रुंदी २० सेंमी होते आणि ए४ ची रुंदी २१ आहे. शंभर कार्डांना चारच्या हिशेबाने २५ कागद लागतात, पाचच्या हिशेबाने २०. मात्र उभ्या कार्डांतला मजकूर फिरवून घ्यावा लागतो.

कागद किती जाड चालतो?

साधा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. वर सांगितलेली दोन्ही लेझर यंत्रं १६३ जीएसएमपर्यंतचा कागद घेतात. दुकानदाराने दिलेली २५० किंवा ३०० ची शीट अशा यंत्रात घालू नये. जाड कागद घेताना प्रॉपर्टीजमध्ये कागदाचा प्रकार 'हेवी' किंवा 'कार्डस्टॉक' निवडावा, नाहीतर शाई पक्की बसत नाही आणि बोटाने पुसली जाते. पावसाळ्यात कार्डशीट ओल धरते, वळते आणि मग अडकते. उघडलेला गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा.

हे मात्र करू नका

कार्ड ए४ कागदावर चिकटपट्टीने लावून छापायची युक्ती बरेच जण सांगतात. शाईच्या म्हणजे इंकजेट प्रिंटरवर ती सांभाळून चालते. लेझर प्रिंटरमध्ये कागद तापलेल्या रोलरखालून जातो. तिथे पट्टीचा डिंक वितळतो, कार्ड रोलरला गुंडाळलं जातं आणि खर्चिक भाग खराब होतो. लॅमिनेशन केलेलं किंवा प्लास्टिकचं कार्डही लेझरमध्ये घालू नये.

कार्ड अडकलंच, तर आधी बटण बंद करून यंत्र थंड होऊ द्यावं. कार्ड दोन्ही हातांनी, कागद जातो त्याच दिशेने हळू ओढावं. चिमटा किंवा पेचकस घालून ओरबाडू नये.

दुकानात छापायचं असेल तर

जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, की अक्षरांची पार गिचमिड होते. युनिकोडमध्ये टाइप करावं आणि फाइल पीडीएफ करूनच पेनड्राइव्हवर न्यावी. मग अक्षरंही टिकतात आणि मापही.

एवढी खटपट कशासाठी?

अमेरिकेतल्या ओसीएलसी या संस्थेने २०१५ मध्ये ग्रंथालयांची कार्डे छापणं कायमचं थांबवलं. तिथे सगळं संगणकावर गेलं. गावातल्या वाचनालयात मात्र वीज गेली तरी कार्ड वाचता येतं. दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव आणि कपाट एवढ्या चार नोंदी कार्डावर नीट असल्या, तर मुलाला हवं ते पुस्तक ग्रंथपाल नसतानाही सापडतं. कार्ड नसेल, तर कपाटात असलेलं पुस्तकही हरवल्यासारखंच. नवीन पुस्तकांची नोंद दाखल नोंदवहीत होते तेव्हाच कार्डही तयार केलं, तर एकावेळी चार-पाचच काढावी लागतात आणि काम साचत नाही.